मेलेली कोंबडी कुणाला सांगायची?

जानेवारी 2021मध्ये दापोलीत कावळे मरून पडत होते. मुंबई, ठाण्याबरोबर दापोलीच्या कावळ्यांचे नमुनेही बर्ड फ्लूचे निघाल्याचं जाहीर झालं. त्याच पंधरवड्यात दापोलीपासून फार लांब नसलेल्या एका वाडीत माझ्या आत्याच्या नऊ कोंबड्या गेल्या. पहिल्या दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी तीन. तुरे काळेनिळे पडलेले, डोळे सुजलेले. शेवटच्या दोन अगदी मरायला टेकल्या तेव्हा तिने त्या कापल्या, गरम पाण्यात बुडवून पिसं काढली आणि रस्सा केला. खेड्यात हे नवं नाही. मर आली की हाती लागेल ती कोंबडी आधी कापून घेतात. बाकीच्या तिने पोत्यात भरून पऱ्यापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे टाकल्या. पाचव्या-सहाव्या दिवशी तिला ताप भरला, खोकला लागला, डोळे लाल झाले. बाजारातल्या डॉक्टरांनी सुई टोचली, गोळ्या दिल्या. आठवड्याने ती उठून कामाला लागली.

तिला बर्ड फ्लू झाला होता असं मी म्हणत नाही. कोंबड्यांना मानमोडी (रानीखेत) होते आणि थंडीत माणसाला ताप येतोच. पण झाला नव्हता असंही आता कुणी म्हणू शकणार नाही. डॉक्टरांनी कोंबड्यांचं विचारलं नाही, तिने सांगितलं नाही, आणि गुरांच्या दवाखान्यापर्यंत त्या नऊ कोंबड्यांची वार्ताच गेली नाही. मला कळलं तेव्हा मी चिडलो. "आत्ये, कुणाला सांगायचंस तरी!" ती म्हणाली, "सांगून काय व्हनार हाय? शेजारनीच्या कोंबड्या पन घेऊन जातील. मग ती माज्याशी बोलंल?"

माणसाला बर्ड फ्लू झाला तर तपास कसा करायचा, याच्या सूचना आपल्या सरकारकडे लिहिलेल्या आहेत आणि त्या चांगल्या आहेत. पण त्या लागू होतात रुग्ण हाती लागल्यावर. कोकणात रुग्ण हाती लागायचा तर आधी कोंबड्या मेल्याचं कळायला हवं, आणि ते सांगणाऱ्या बाईचं आज फक्त नुकसान होतं. ही गोष्ट बदलल्याशिवाय पुण्यातल्या प्रयोगशाळेत कितीही यंत्रं आणली तरी आमच्या वाड्यांना त्यांचा उपयोग नाही.

हा आजार माणसाला क्वचित होतो, हे आधी स्वच्छ सांगतो. 2003पासून जगभरात एच5एन1 या बर्ड फ्लूच्या विषाणूची लागण झालेली साडेनऊशेहून जास्त माणसं नोंदली गेली आणि त्यातली जवळपास निम्मी दगावली. सौम्य आजाराची माणसं बहुतेक मोजलीच जात नाहीत, त्यामुळे खरं प्रमाण याहून कमी असणार. माणसाकडून माणसाला तो सहज पसरत नाही. त्याचं कारण शरीराच्या रचनेत आहे. पक्ष्यांच्या फ्लूचा विषाणू ज्या रेणूंना पकडून पेशीत शिरतो, ते माणसाच्या नाका-घशात कमी आणि फुप्फुसाच्या खोल भागात जास्त असतात. म्हणून तो शिंकेतून फारसा उडत नाही, पण ज्याला गाठतो त्याला कधीकधी भयंकर न्यूमोनिया करतो. ते रेणू डोळ्यांच्या पातळ पडद्यातही असतात. 2024मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये गोठ्यातल्या एका कामगाराचे डोळे लाल झाले, त्यापलीकडे फारसं काही नाही. तपासलं तर एच5एन1 निघाला. पुढे त्या देशात सत्तरच्या आसपास माणसं सापडली, बहुतेकांना सौम्य आजार, पुष्कळांचे डोळे लाल. जानेवारी 2025मध्ये लुईझियानात एक मृत्यू झाला. त्या वयस्कर रुग्णाच्या घरामागे कोंबड्या पाळलेल्या होत्या. हे वाचताना मला आत्याचे डोळे आठवले.

मग एवढ्या क्वचित होणाऱ्या आजारामागे का लागायचं? फ्लूच्या विषाणूची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच माणसात माणसाचा फ्लू आणि पक्ष्याचा फ्लू एकदम शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते, आणि त्यातून माणसांत धावणारा नवा विषाणू निघू शकतो. कोंबड्यांच्या रानीखेत रोगाला आपल्याकडे मानमोडी म्हणतात, आणि 1918च्या साथीलाही महाराष्ट्राने मानमोडीच म्हटलं होतं. त्या वर्षीच्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस तापाने पडले आणि मग देशभर एक कोटीहून जास्त माणसं गेली. 2005मध्ये त्या विषाणूची जनुकं पूर्ण वाचली गेली तेव्हा ती पक्ष्यांच्या फ्लूशी फार मिळतीजुळती निघाली. आमच्या आज्या-पणज्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी माणसाच्या आणि कोंबडीच्या रोगाला त्यांनी एकच शब्द वापरला. मला त्या शब्दाचा आदर वाटतो.

"आपल्याकडे माणसाला कुठे झालाय?" हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकतो. भारतात झाला आहे. जुलै 2021मध्ये हरियाणातला एक मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये एच5एन1ने गेला. त्याला रक्ताचा कर्करोग होता आणि मोठ्या रुग्णालयात सगळ्या तपासण्या होत होत्या, म्हणून कळलं. मार्च 2025मध्ये आंध्रातल्या पालनाडू जिल्ह्यातली दोन वर्षांची मुलगी गेली. घरी चिकन कापताना तिने कच्चा तुकडा खाल्ल्याचं चौकशीत पुढे आलं. तीही मंगलगिरीच्या एम्सपर्यंत पोचली होती. 2024मध्ये एक अडीच वर्षांची मुलगी फेब्रुवारीत कोलकात्याला राहून ऑस्ट्रेलियाला परतली आणि मार्चमध्ये तिथे अतिदक्षता विभागात दाखल झाली. तिचा नमुना आणखी खोलात तपासल्यावर मे महिन्यात एच5एन1 असल्याचं ठरलं, आणि तो आपल्या भागातल्या पक्ष्यांत फिरणाऱ्या प्रकारचा निघाला. ती मुलगी वाचली. ती कोलकात्यातच राहणारी असती तर हे निदान झालं असतं का, हा प्रश्न मला आजही सोडत नाही.

आपल्याच राज्यातलं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. एच9एन2 हा पक्ष्यांच्या फ्लूचा सौम्य प्रकार. भारतातला त्याचा पहिला मानवी रुग्ण 2019 साली मेळघाटात सापडला, सतरा महिन्यांचा मुलगा. तिथे लहान मुलांच्या श्वसनविकारांचा अभ्यास चालू होता, गावागावांतून नमुने घेतले जात होते, म्हणून सापडला. मेळघाटापेक्षा आमच्या गुहागर-मंडणगडात दवाखाने बरे आहेत. पण थंडीत ताप-खोकल्याने आलेल्या माणसाचा घशातला नमुना तिथे किती वेळा घेतला जातो, हे कोणत्याही आशाताईला विचारून बघा.

रुग्ण सापडलाच तर खरा तपास म्हणजे काय, हेही नीट समजून घ्यायला हवं, कारण आपल्याकडे तपास म्हटलं की पांढऱ्या पोशाखातली माणसं आणि गाडीचा फोटो एवढंच डोळ्यांपुढे येतं. रुग्णाचा नमुना नाकातूनच घेतला तर विषाणू असूनही तो निगेटिव्ह येण्याचा धोका असतो. घशातला हवा, न्यूमोनिया असेल तर खालच्या श्वासनलिकेतला हवा, डोळे लाल असतील तर डोळ्यांतलाही. तो बर्फाच्या डब्यातून घाट चढून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत जातो. कोंबड्यांचे नमुने वेगळ्या वाटेने, पुण्यातल्या पशुरोगनिदान प्रयोगशाळेतून भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत. अहवालाची वाट न बघता रुग्णाला ओसेल्टामिविर सुरू करावं लागतं, कारण पहिल्या 48 तासांत ते सर्वात जास्त उपयोगी पडतं. स्वाइन फ्लूपासून सरकारी दवाखान्यांना हे औषध ओळखीचं आहे. मग घर. पिसं कुणी काढली, आतडी कुणी साफ केली, खुराडा कुणी झाडला, लहान मूल कोंबडीचं पिल्लू घेऊन बसलं होतं का. या प्रत्येकाकडे दहा दिवस रोज ताप, खोकला, डोळे बघायचे. कोंबड्या मारणाऱ्या पथकातल्या माणसांकडेही तितकेच दिवस. त्यांना नेहमीच्या फ्लूची लस दिलेली असावी, म्हणजे दोन विषाणू एका शरीरात भेटायची शक्यता घटते. नवा विषाणू पक्का झाला की 24 तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवणं आंतरराष्ट्रीय नियमांनी बंधनकारक आहे.

यातली एकही पायरी आम्हाला अवघड नाही. कोविडात रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे नमुने आधी मिरज-कोल्हापूरला जात होते, पुढे दोन्ही जिल्ह्यांत प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, तिन्हीकडे आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांत न्यूमोनियाने दाखल होणाऱ्या प्रत्येकाची फ्लूची तपासणी तिथेच व्हावी, आणि फ्लू 'ए' (बर्ड फ्लू ज्या गटात येतो तो) निघून नेहमीच्या प्रकारांत बसत नसेल तर तो नमुना त्याच रात्री पुण्याला जावा. एवढं झालं तरी निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं मात्र यंत्राने होणार नाही. ते कसं करायचं हे आम्हाला माकडतापाने शिकवायला हवं होतं.

1957मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने पडली, तेव्हा पुण्याच्या याच विषाणू संस्थेने तो रोग ओळखला. 2016मध्ये तो सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात पोचला. तिथेही माकडं मेली आणि काजूच्या बागेत, जंगलात जाणारी माणसं आजारी पडली. आज त्या पट्ट्यातल्या माणसाला मेलेल्या माकडाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. माकड दिसलं की ग्रामपंचायतीला फोन जातो. लेप्टो या चिखलातून लागणाऱ्या तापाचंही तसंच. पावसाळ्यात तापाचा माणूस आला की आमच्याकडचा डॉक्टर आधी विचारतो, चिखलात उतरला होतास का, पायाला जखम आहे का. हा प्रश्न कुठल्या पुस्तकाने त्याच्या तोंडी बसवला नाही, इथे मेलेल्या माणसांनी बसवला. म्हणजे सांगण्याची आणि विचारण्याची सवय कोकणाला लागते.

मग कोंबडीच्या बाबतीत का लागत नाही? मला बरीच वर्षं वाटत होतं की हे अज्ञान आहे, पत्रकं वाटली, शाळेत सांगितलं की जाईल. आता तसं वाटत नाही. माकड कुणाच्या मालकीचं नसतं. मेलेलं माकड कळवणाऱ्याच्या खिशातून एक रुपयाही जात नाही. मेलेली कोंबडी कळवली तर एक किलोमीटरच्या परिघातली प्रत्येक कोंबडी मारली जाते. कळवणारीची जाते आणि तिच्या शब्दामुळे जावेची, विहिणीची, मागच्या घरातल्या म्हातारीचीही जाते. कोंबड्या-अंड्यांचा पैसा घरात बाईचा असतो. त्यातून मुलांच्या वह्या येतात, भिशी भरली जाते, माहेरी जायचं एसटीचं तिकीट निघतं. नवऱ्यापुढे हात न पसरता खर्च करता येईल असा पैसा पुष्कळ घरांत एवढाच असतो.

आणि त्याची भरपाई काय? 2021च्या साथीत राज्यात अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीला 90 रुपये ठरले होते, ब्रॉयलरला 70, अंड्याला 3. हे दर पिंजऱ्यातल्या पोल्ट्रीचा विचार करून केलेले होते. आमच्या बाजारात गावठी कोंबडी पाचशे-सहाशेला सहज जाते, शिमग्याला कोंबडा त्याहून वर. शिवाय भरपाई मारलेल्या पक्ष्यांची मिळते, रोगाने आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे सरकारच्याच नियमानुसार लवकर कळवणाऱ्याचा फायदा असायला हवा, कारण जितकं लवकर कळवाल तितक्या कोंबड्या भरपाईत बसतील. पण 90 रुपयांसाठी कोण शेजारणीशी वैर घेईल?

म्हणून माझी पहिली मागणी आरोग्य खात्याकडे नसून पैशाची आहे. परसातल्या गावठी कोंबडीचा दर वेगळा असावा आणि तो स्थानिक बाजाराला धरून असावा. पैसे पथक दारात असतानाच मिळावेत, आणि कोंबड्या बाईच्या असतील तर तिच्याच खात्यावर जावेत. जिने पहिल्यांदा कळवलं तिच्या मेलेल्या कोंबड्यांचीही भरपाई मिळावी. साथ सरल्यावर सरकारी योजनेतली गिरिराज-वनराज या सुधारित जातींची पिल्लं आधी त्या वाडीला मिळावीत. खर्च किती येईल? एका वाडीत शे-दोनशे गावठी कोंबड्या असतात. पाचशेच्या दराने हिशोब केला तरी पन्नास हजार ते एक लाख. न्यूमोनियाने अतिदक्षता विभागात पंधरा दिवस काढलेल्या एका रुग्णाचं खासगी रुग्णालयातलं बिल याहून मोठं होतं.

लबाडी होईल, मेलेल्या कोंबड्या बाहेरून आणून लोक पैसे मागतील, असं काही जण म्हणतील. थोडी होईलही. पण पैसे नमुना तपासल्यावर द्यायचे असतात आणि प्रयोगशाळेला लबाडी करता येत नाही. थोडी फसवणूक सोसून खबर लवकर मिळत असेल तर मला तो सौदा मान्य आहे.

दुसरी मागणी साधी आहे. थंडीच्या दिवसांत ताप-खोकल्याने आलेल्या प्रत्येकाला, विशेषतः लाल डोळे किंवा दम असेल तर, सरकारी आणि खासगी डॉक्टरांनी एक प्रश्न विचारावा: घरात किंवा शेजारी कोंबड्या मेल्या का? आणि गुरांच्या दवाखान्यात कोंबड्यांची मर घेऊन कुणी आलं तर पशुधन अधिकाऱ्याने विचारावं: घरात कुणाला ताप आहे का? उत्तर 'हो' असेल तर त्याच दिवशी एकाने दुसऱ्याला फोन करावा. आज ही दोन खाती एकाच तालुक्याच्या गावात, कधी एकाच रस्त्यावर असतात, आणि त्यांच्या वह्या वेगवेगळ्या डोंगरांवर असल्यासारख्या एकमेकींना भेटत नाहीत. 'वन हेल्थ'चं, म्हणजे माणसाचं आणि जनावराचं आरोग्य एकत्र बघण्याचं, राष्ट्रीय अभियान दिल्लीत सुरू आहे ही चांगली गोष्ट आहे. त्याचा कोकणातला अर्थ मला तरी हा एक फोन वाटतो.

आता घबराटीचा आक्षेप. तो मी हलका मानत नाही. फेब्रुवारी 2006मध्ये नवापूरला देशातली पहिली साथ आली तेव्हा चिकनचे भाव कोसळले आणि ज्यांच्या शेडकडे विषाणू फिरकलाही नाही असे शेतकरी बुडाले. रायगडात शेकडो घरं कंपनीची पिल्लं वाढवून लॉटमागे मिळणाऱ्या पैशांवर चालतात, शेडवर बँकेचं कर्ज असतं. एका बातमीने त्यांचा हंगाम जातो. पण नवापुरातही सुरुवातीची मर रानीखेतची म्हणून सोडून दिली गेली होती, आणि आळा बसेपर्यंत लाखो पक्षी मारावे लागले. उलट 1997च्या हाँगकाँगकडे बघा. तिथे 18 माणसं आजारी पडली, सहा गेली. वर्षाअखेरीस काही दिवसांत शहरातल्या सगळ्या कोंबड्या मारल्या, आणि त्या साथीत माणसांचे नवे रुग्ण थांबले. जानेवारी 2025मध्ये उरणच्या चिरनेरमध्ये परसातल्या कोंबड्यांत रोग निघाला, तिथेही परिघातल्या कोंबड्या लगेच मारल्या गेल्या. दडवलेली साथ पोल्ट्रीवाल्यालाच जास्त महागात पडते. नीट शिजवलेल्या, आतपर्यंत 70 अंशांच्या वर तापलेल्या चिकनमधून हा रोग होत नाही. हे प्रत्येक साथीत पहिल्या दिवसापासून, बंदीच्या आदेशाच्या शेजारीच छापलं पाहिजे. धोका रश्श्यात नसतो, कापण्यात, पिसं काढण्यात, पिसांच्या धुळीत असतो. आणि हे काम घरात कोण करतं ते सांगायला नको.

बातमीत गावाचं नाव यावं, माणसाचं कधीच येऊ नये. मे 2020मध्ये मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना आपल्याच माणसांनी वाडीच्या वेशीवर अडवलेलं मी पाहिलं आहे. कुणाच्या घरात रुग्ण निघाला हे तासाभरात वाडीभर झालं की त्या घरचं पाणीसुद्धा बंद होतं. आजारी माणसाच्या घरी पथकाने गाजावाजा न करता, ओळखीच्या आशाताईला पुढे घालून जावं. तिच्यापुढे बाई बोलते, साहेबापुढे 'काय नाय, साधा ताप हाय' म्हणते.

आत्याने पुन्हा कोंबड्या पाळल्या आहेत. गेल्या खेपेला गेलो तेव्हा खुराड्यात सात होत्या, दोन अंड्यावर बसलेल्या. मी तिला जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा 1962 हा नंबर फोनमध्ये घालून दिला, मेलेल्या कोंबडीला हाताला पिशवी गुंडाळल्याशिवाय शिवायचं नाही, पऱ्यात टाकायची नाही, खोल खड्डा करून वर चुना टाकायचा, हे सगळं सांगितलं. मर आली तर आधी फोन कर म्हटलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "करीन फोन. पन शेजारनीच्या कोंबड्यांचं पैसं कोन देनार, तां आधी सांग."